अकरा नाकारलेले कॉल

चंद्रतळाचे प्रमुख घोरपडे यांचा हिशेब सरळ होता: वर्षभर पृथ्वीची लाइन फक्त कामाला वापरली, तर मंगळावर बढती. म्हणून त्यांनी कॉल जोडणाऱ्या स्विचवर नियम बसवला. मुख्यालयाच्या पत्त्यावरून आलेला कॉल घ्यायचा, कुणाच्याही घरच्या पत्त्यावरून आलेला नाकारायचा. स्वतःचं घरही त्यांनी वगळलं नाही; माणूस तसा चोख.

पण स्विच नाकारलेल्या प्रत्येक कॉलची नोंद ठेवतो, हे तंत्रज्ञ रेवती कोळंबकरला ठाऊक होतं. आज चिपळूणला तिची बहीण बाळंत होणार होती. घरच्यांशी तिचं ठरलं होतं: बहीण सुखरूप असेल तर एक कॉल, बाळही सुखरूप असेल तर लगेच दुसरा.

पडद्यावर चिपळूणचा पत्ता उमटला. नाकारला. रेवती पडद्याजवळ सरकली. पुन्हा चिपळूण. नाकारला!

"मावशी झाले!" तिने उडी मारली. चंद्रावरची उडी ती, डोकं थेट छताला.

घोरपडे धावत आले. "घरचा कॉल आत आलाच कसा?"

"आला कुठे, सर? तुमचा नियम झकास चालतोय. नुसते मिस्ड कॉल!"

घोरपडे नोंदींवर वाकले. "सातारा... हे तर माझं घर. सकाळपासून अकरा? अकराचा अर्थ काय गं?"

"ते घरून निघतानाच ठरवायचं असतं, सर."

घोरपड्यांनी नियम पुसला. त्याच क्षणी बारावा कॉल आत आला.

"अहो, लागला एकदाचा!" बायको ओरडली. "कपाटाची किल्ली कुठे ठेवलीत?"

घोरपड्यांनी खिसा चाचपला. किल्ली तिथेच होती.

रेवतीला भाचरू एका टेंगळात पडलं. घोरपड्यांना किल्ली पडली अख्ख्या मंगळाला.