उन्हातली बरणी

कॉलेजच्या प्रयोगासाठी ओसरीवर गुंजवणी नदीतल्या नखाएवढ्या झिंग्यांच्या दोन बरण्या मांडल्या होत्या. एक सावलीत, दुसरी उन्हात. दोन्हींच्या पाण्यात मी तांब्याचा क्षार सारखाच मिसळला होता. सावलीतले झिंगे हिंडत होते, उन्हातले निम्मे उलटे पडले होते. तांब्यापितळेच्या भट्टीवर निघालेला धाकटा भाऊ गोरख डबा घेऊन घुटमळला. "तांबं सारखंच, मग हेच का मेले, ताई?" "पाणी तापलं की त्यांना धाप लागते. जितका श्वास जास्त, तितकं तांबं अंगात जास्त." बोलून गेले आणि जीभ चावली. गोरखनं खोकला दाबला. "भट्टीम्होरं आमी बी लई धापा टाकतो." रस्त्यावर नसरापूरच्या जीपचा हॉर्न वाजला. त्यानं उन्हातली बरणी उचलून सावलीत ठेवली. प्रयोग मोडला, पण मी अडवलं नाही. "उरलेले जगत्याल का गं?" त्यानं विचारलं आणि उत्तरासाठी न थांबता भट्टीवर नेणाऱ्या जीपकडं पळाला.