दुसरा कप

दादाच्या हातून अण्णांच्या लेंग्यावर चहा सांडला.

"गाढवा, लक्ष कुठंय तुझं?" अण्णा खेकसले.

दादा फडकं आणायचं सोडून तसाच उभा राहिला. त्याचे डोळे भरले होते. गेले आठ महिने अण्णा आम्हा दोघा मुलांना परक्यांसारखं अहो-जाहो करत होते. आंघोळ घातली की हात जोडून "उपकार झाले तुमचे" म्हणायचे.

मी आत जाऊन दुसरा कप भरून आणला. पोळणार नाही ना, ते बोट बुडवून पाहिलं. मग तो मुद्दाम अण्णांच्या मांडीवर सांडला आणि त्यांच्या तोंडाकडे बघत थांबलो.

"असू द्या," अण्णा माझा हात थोपटत म्हणाले. "निघा तुम्ही आता. घरी वडील वाट बघत असतील."