सवतीचा चेहरा

फोटोतली बाई दात दाखवून हसत होती आणि कामिनीअक्कांना नेमकं तेच नको होतं. नखाएवढ्या चकतीवर दात रंगवायचे म्हणजे डोळ्यांची वाट.

"तोंड मिटलेलं काढते," त्या म्हणाल्या.

"नको अक्का. हसू राहू द्या."

समोर बसलेली दिपमाला एरंडोलकडची. तोंडावर मास्क, डोक्याला-गळ्याला घट्ट ओढणी. जळगावच्या मे महिन्यात बाया फिरतात तशीच. दिसत होते ते दमलेले डोळे आणि पेन्सिलीने काढलेल्या भुवया, त्यातली एक जरा वर गेलेली. हल्लीच्या फॅशनला हसायचाही अक्कांना कंटाळा आला होता. पाणी पुढे केलं, तर म्हणाली, "मागून घेते."

तिला पहिल्या बायकोचा चेहरा हवा होता, सोन्याच्या पदकात बसवायला. अक्कांचं निम्मं काम तेच. दुसरेपणावर आलेल्या बाईने पहिलीचा टाक गळ्यात घालायचा, ही जुनी रीत. पण चांदीच्या टाकावर ठोकलेली बाई कुणीही असू शकते. तिच्या जागी खराखुरा चेहरा रंगवायला अक्कांनी सुरुवात केली, अडतीस वर्षांपूर्वी, स्वतःच्या सवतीपासून. तो चेहरा अजून त्यांच्या गळ्यात होता. खारीच्या केसांचा कुंचला, भिंग आणि खाली घातलेली मान, यातच आयुष्य गेलं. आता उजव्या डोळ्यात मोतीबिंदू. हे शेवटचं काम, असं त्यांनी जितेंद्रला फोनवर कबूल केलं होतं. काम कधी थांबवणार, असं मुलगा सुरतेहून रोज विचारायचा.

"चांगली दिसू द्या तिला," दिपमाला म्हणाली. "पाहून भेव नको वाटायला."

"सवतीला देखणी करा म्हणणारी तू पहिलीच. बाकीच्या म्हणतात, जरा काळी काढा."

दिपमालाचे डोळे हसले. मग गावची बोली निसटली. "तिनी पोर शे घरमा. चार वरीसनी."

असं आहे तर, पहिलीची चार वर्षांची पोर. अक्कांना पोरीची दया आली, आणि हिचीही.

"माझ्याही घरी होता. जितेंद्र तिचाच."

"खरं सांगा अक्का. तुम्ही त्याले जीव लावला?"

खोटं बोलण्याइतकी ताकद अक्कांपाशी उरली नव्हती. "पहिलं वर्ष जवळसुद्धा घेतलं नाही. तो दारात उभा राहून बघायचा आणि मी पाठ फिरवायची. वाईट वागले मी."

दिपमालाने ओढणीचं टोक मुठीत धरलं. "मंग?"

"मग तिचा चेहरा रंगवला. डोळे काढले, तर ते त्या पोराचेच. अशी बाई चोवीस तास गळ्यात म्हटल्यावर सुटका कुठली? त्या दुपारी त्याला मांडीवर घेऊन भरवलं."

"म्हणूनच चेहरा पाहिजे," दिपमाला म्हणाली. "दर तीन आठवड्यांनी मी जळगावला येतेच. तेव्हा नेईन."

तीन आठवडे अक्का त्या चेहऱ्यापाशी बसल्या. गोबरे गाल, खांद्यावरून पुढे घेतलेली जाड वेणी, हनुवटीच्या डाव्या बाजूला तीळ. तो तीळ दोनदा पुसून तिसऱ्यांदा जमला. दातही काढले, चांगले जमले. अक्का एकदा पाहिलेला चेहरा विसरत नाहीत, असं सराफ बाजारात म्हणायचे. त्याचा त्यांना थोडा ताठाही होता.

दिपमाला आली ती जिन्यात दोनदा बसून. ऊनच तसं होतं. तिने पदक भिंगाखाली धरलं आणि बराच वेळ खाली ठेवलं नाही.

"अशीच व्हती," ती म्हणाली.

अक्का गुडघ्यावर हात टेकून उठल्या. पदक पहिल्यांदा आपल्या हाताने घालायचं, हा त्यांचा नेम. "काढ ती ओढणी. आणि घाबरू नकोस गं, तू पोरीला नीट सांभाळशील. तुझ्याकडे बघूनच कळतं."

दिपमालाने ओढणी सोडली. डोक्यावर एक केस नव्हता. मग तिने मास्क उतरवला. गाल पार बसलेले होते आणि हनुवटीच्या डाव्या बाजूला तीळ होता.

"माले नका घालू, अक्का," ती म्हणाली. "जी येई, तिनासाठे शे."