पुढं काय झालं

गंगाधरशेठनं मोबाईल डोळ्यांपासून लांब धरला आणि वाचायला लागला. वलवणच्या त्या चिक्की कारखान्यातल्या नऊ बाया खाली बसून ऐकत होत्या.

"नवरा मारायला लागला की सासू टीव्हीचा आवाज वाढवते. मला सगळ्या मालिकांची गाणी पाठ झालीत. काल मधेच लाईट गेली, आणि"

एवढंच. पुढं बॉक्सची कड आली होती.

फोटो कुण्या गिऱ्हाइकानं पाठवलेला. चिक्की संपली, बॉक्स फाडून फेकायला गेला, तर आतल्या बाजूला हे पेनानं लिहिलेलं. खाली त्यानं विचारलं होतं, पुढं काय झालं? शेठला वाटलं, आपली टर उडवतोय.

समीक्षा मान खाली घालून वड्या भरत होती. चूक कुठं झाली ते तिला कळलं होतं. कोरे बॉक्स चपट्या गठ्ठ्यात येतात. जेवणाच्या सुट्टीत ती सगळ्यात खालच्या बॉक्सवर लिहायची आणि जाताना तो पदराखाली घालून न्यायची. त्या दिवशी सरुबाईनं गठ्ठा उलटा टाकला. खालचा वर आला, घडी पडली, माल भरला, गेला.

समोरच समीक्षाची सासू बसली होती, धोंडाबाई. तिला वाचता येत नव्हतं. पण आत्ता वाचलेलं तिनं ऐकलं होतं. तिचा हात वडीवर तसाच राहिला.

शेठ म्हणाला, एकेकीनं एक ओळ लिहून दाखवायची. जिचं अक्षर जुळेल, तिनं उद्यापासून यायचं नाही.

"मला मेलीला सही येत न्हाई, मी कुटनं लिवू?" सरुबाई म्हणाली. दोघीतिघी हसल्या.

पेन फिरत फिरत समीक्षाकडं आलं. बोटांना गूळ लागलेला, पेन चिकटून बसलं. डाव्या हातानं लिहावं का? मुद्दाम वाकडं काढावं? काम गेलं तर सगळा दिवस त्या घरात. आणि आज संध्याकाळी नवऱ्याला कळलं तर? शेठनं तीच ओळ परत सांगितली, आमची चिक्की ताजी असते.

तिनं कोरा बॉक्स मांडीवर घेतला. उजव्याच हातानं लिहिलं. एक ओळ झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. एवढं काय लिहितेस, शेठ वैतागला. तिनं बॉक्स पुढं केला.

शेठनं वाचायला घेतलं. "आणि सगळ्या आळीला ऐकू..."

धोंडाबाई झटक्यात उठली. कोपऱ्यात शेंगदाण्याची सालं काढायचं मशीन होतं. तिनं बटण दाबलं. शेडभर घरघर झाली. शेठचे ओठ हलत होते, ऐकू काहीच येईना.

समीक्षा उठली. ती दारापाशी गेली आणि मेन स्विच खाली ओढला. मशीन कण्हत बंद पडलं. पंखे फिरत फिरत थांबले. दारातनं दुपारचं ऊन तेवढं आत येत होतं.

"लाईट गेली, आत्याबाई," ती म्हणाली. "शेठ, वाचा आता. मोठ्यानं."