मागची डावी बाजू

मिठागर विकून रघूने परदेशी बनावटीची ती थोरली जीप डोंगरीत आणली, तेव्हा अख्खं गाव बघायला लोटलं. नारळ फोडून त्याने मागचं दार उघडलं आणि वारलेल्या बापाला पहिला मान दिला, "बा, पयला तू बस!"

तेव्हापासून गाडी मागे डावीकडे कलायला लागली.

तक्रारींवर तक्रारी केल्यावर शोरूमचा मेकॅनिक घरी आला. त्याने सगळ्यांना खाली उतरवलं. गाडी कललेलीच!

"स्प्रिंग तो नया है, सेठ," तो घाम पुसत म्हणाला. "पीछे कोई बैठा है क्या?"

रघू हरखलाच. "माझा बा हाय तो!" मागचं दार उघडून त्याने हात जोडले. "बा, झाली ना हौस? आता उतर."

करकरत गाडी सरळ झाली. रघूची बायको शालन टाळ्या पिटायला लागली. आनंदाने ओरडणाऱ्या पोरांना घेऊन ती मागे चढली, दार लावलं.

किल्ली बोटावर फिरवत रघू पुढे आला. त्याने हात लावायच्या आधीच ड्रायव्हरची बाजू खाली बसली. चारही दारं खाटकन लॉक झाली. किल्ली रघूच्या बोटात, आणि इंजिन सुरू झालं.