फक्त लेकीसाठी

ब्राझीलच्या टीव्हीवर जन्मभर लहान मुलांसाठी गाणाऱ्या बाई म्हातारपणी डब्लिनला लेकीकडे आल्या, आणि घशाचा कॅन्सर निघाला. उद्या डॉ. सलील त्यांचं स्वरयंत्र काढणार होता. आवाज कायमचा जाणार होता. भाषांतराला लेक जोआनाच होती. "लहानपणी मला आई टीव्हीवरच दिसायची," ती मघाशी सहज बोलून गेली होती.

सलीलला राहवलं नाही. त्याने फोनचा कॅमेरा सुरू केला. "आईंना सांगा, आज फक्त तुमच्याशी बोलायचं. तुम्हाला आठवण राहील."

जोआनाने सांगितलं. बाईंनी केस सारखे केले, कॅमेऱ्याकडे बघत गोड हसू आणलं आणि घोगऱ्या आवाजात सुरुवात केली.

"काय म्हणतायत?" सलीलने विचारलं.

 

जोआनाने शांतपणे भाषांतर केलं, "नमस्कार, बालमित्रांनो."