धुतलास?

आवाज आलाच नाही.

समितीसमोर तिने लुकलुकणारा हिरवा प्रकाश पुन्हा स्फटिकावर सोडला. स्फटिक नखाएवढा, लोखंडाचा अंश घालून वाढवलेला. उजेड पडला की त्याच्या आत विजेचा ताण उभा राहतो, तो थरथरतो आणि त्याला चिकटवलेला माइक ती थरथर ऐकतो. महिन्यापूर्वी तो खणखणीत घुमला होता. त्यानंतर मात्र मुका.

"एकदाच ऐकू येतो तो भास असतो," प्रमुख म्हणाले. "लेख मागे घ्या."

मागे तिचा नवरा उभा होता. काम दोघांचं एकाच टेबलावर, एकाच स्फटिकावर; त्याचा प्रयोग दोन किरणांचा, तिचा आवाजाचा. भास नव्हता हे त्याला ठाऊक होतं.

असे स्फटिक उजेड विसरत नाहीत. आदल्या प्रयोगाचा ठसा आत राहतो. तो पुसायला साध्या दिव्याचा प्रकाश बराच वेळ द्यावा लागतो. प्रयोगशाळेत त्याला 'धुणं' म्हणत. स्फटिक घुमला त्या दिवशी, त्याचा प्रयोग संपल्यावर, तिने विचारलं होतं, "धुतलास?" घरी कपाबद्दल विचारते तसंच. आणि घरी देतो तसंच, मान वर न करता, त्याने उत्तर दिलं होतं, "हो." कपाचं निदान तळ बघून कळतं.

पुढच्या वेळी धुतलेला स्फटिक गप्प राहिला, तेव्हाच तो मनात चरकला. पहिल्या दिवशी तिचा आनंद पाहून बोलला नव्हता, आणि आता लाजेने बोलला नाही. तिने माइक बदलला, डिंक बदलला. एकदा जेवताना म्हणाली, "माझे कानच बिघडलेत का रे?" त्याने तिला भात वाढला.

आता लेख मागे घेण्याच्या पत्रावर सही करायला तिने पेन उचललं.

"मी धुतला नव्हता," तो म्हणाला. "त्या दिवशी. खोटं बोललो."

ती त्याच्याकडे नाही, स्फटिकाकडे बघत राहिली. मग पेन ठेवलं. नवऱ्याच्या त्या दिवशीच्या प्रयोगाचे दोन्ही किरण लावून तिने ठसा पुन्हा उमटू दिला. प्रमुख घड्याळ बघत होते. तिने लुकलुकता प्रकाश सोडला.

स्फटिक घुमला. प्रमुख खुर्चीतून उठलेच.

नवऱ्याचा जीव भांड्यात पडला. तो हसत पुढे आला. "म्हणजे माझी चूक..."

"चूक कसली? उत्तर होतं ते," ती मान वर न करता म्हणाली. "आणि महिनाभर माझ्यासमोर बसून जेवत होतं."